वर्गणीची वही

२०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या पंढरपुरातून विठ्ठलाच्या पादुका मोटारीने लंडनला निघाल्या. तिकडे विठ्ठलाचं मंदिर बांधायचा संकल्प आहे, त्यासाठीची ही दिंडी. सकाळचं फिरणं झालं की आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी बागेतल्या बाकावर टेकतो, तिथे हा विषय निघाला. एक जण म्हणाले, "गुरुजी, त्यांना काय हो, डॉलर-पौंड आहेत. पाच जणांनी खिशात हात घातला की मंदिर उभं!" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. कारण पंधरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या मुलाला फोनवर ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी हसत नव्हतो.

घरी आलो आणि ट्रंकेतून वडिलांची एक वही काढली. १९५६ सालची. वडील गिरणीत कारकून होते आणि आमच्या गल्लीच्या गणपतीचे खजिनदार. लाल कापडी पुठ्ठा, आत निळ्या शाईत नाव, रक्कम आणि सही. चार आणे, आठ आणे, क्वचित एखादा रुपया. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. नावं वाचली की अख्खी गल्ली डोळ्यांपुढे येते. पद्मशाली विणकर, लिंगायत किराणा दुकानदार, गिरणीतले मराठे कामगार, कोपऱ्यावरचा फळवाला बागवान. शेवटच्या पानावर खर्च आहे. मांडव, गॅसबत्तीचं भाडं, गूळ-खोबरं. आणि त्यातच एक ओळ आहे, 'घरी मयत, मदत रु. ७'.

लहानपणी ही ओळ मला चुकीची वाटली होती. गणपतीच्या पैशातून मयताला मदत कशी काय? वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गणपती दहा दिवस असतो रे. वही वर्षभर असते."

तर आज या वहीबद्दलच थोडं लिहायचं आहे. म्हणजे आमच्या गल्लीच्याच नव्हे, सगळ्याच वह्यांबद्दल.

आपली जुनी मोठी देवळं राजांनी बांधली, नाहीतर सरदारांनी. त्यांना जमिनी इनाम होत्या, पुजाऱ्यांचे हक्क वंशपरंपरेने चालत. सामान्य माणूस तिथे दर्शनाला जायचा, हुंडीत पैसा टाकायचा, पण देऊळ 'आपण उभारलं' असं त्याला म्हणता येत नव्हतं. वर्गणीचा देव ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. टिळकांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं ते १८९३ साली. आम्ही सोलापूरकर मात्र अभिमानाने सांगतो की आमचा आजोबा गणपती १८८५ पासूनचा आहे. पहिला कोण हा वाद मी वर्गात कधी वाढू दिला नाही. मुलांना एवढंच सांगायचो, की ज्या गावात गिरण्या आल्या, चारी बाजूंनी अनोळखी माणसं पोटासाठी आली, त्या गावात वर्गणीच्या देवाची गरज आधी भासणारच.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. त्या काळात आणि त्यानंतरही तेलंगणातून विणकर कुटुंबं इथे येत राहिली. तेलंगण निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. भाषा वेगळी, राज्य वेगळं. त्यांच्या दृष्टीने हा परदेशच की! त्यांनी येताना आपले मार्कंडेय ऋषी बरोबर आणले. आज नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा निम्मं शहर रस्त्यावर असतं. पण तो समाज देवळापाशी थांबला नाही. त्याच समाजाने शिक्षण संस्था काढली, मार्कंडेयाच्या नावाने सहकारी रुग्णालय उभं केलं. आधी देवाच्या निमित्ताने एकत्र आले, मग एकमेकांचे हिशेब सांभाळायला शिकले, आणि त्या सवयीवर पुढचं सगळं उभं राहिलं, असं मला वाटतं.

समुद्रापलीकडची आपली सगळ्यात जुनी गोष्ट मॉरिशसची. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज पोर्ट लुईला लागलं, तिथून हे पर्व सुरू झालं. जिथे मजुरांना उतरवून घेत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. या मजुरांत बिहारी होते, तमिळ आणि तेलुगू होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी लोकही होते. तिथल्या हेन्रिएटा गावात १८९६ साली एका मराठी घराने पहिला गणपती बसवला. म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक उत्सवानंतर अवघ्या तीन वर्षांनी! आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसांनी हे टिकवलं. त्यांच्या खिशात डॉलर नव्हते, पौंडही नव्हते.

हा इतिहास मला ठाऊक होता. म्हणूनच २०१० साली मी मुलाशी जे वागलो त्याचं आज जास्त वाईट वाटतं.

झालं असं. निवृत्त झाल्यावर मी शाळेच्या वाचनालयासाठी पैसे जमवायचं मनावर घेतलं होतं. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. त्याच्याकडे पन्नास हजार मागितले. तो म्हणाला, "बाबा, यंदा इथल्या मंदिराला शब्द दिलाय. पुढच्या वर्षी नक्की देतो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्यातल्या पाच जणांनी खिशात हात घातला तरी मंदिर उभं राहील. देवाला दगड कधी कमी पडले नाहीत, पोरांना पुस्तकं कमी पडतात." तो गप्प बसला. पुढचे सहा महिने आमचं बोलणं म्हणजे तब्येत आणि पाऊस-पाणी. त्याची आई मधल्यामध्ये दोघांचे निरोप सांगायची.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. पहिल्याच रविवारी मुलाने गाडी काढली आणि आम्हाला न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या गणेश मंदिरात नेलं. वाद घातला नाही, नुसतं नेलं.

या मंदिराची कथा इतिहासाच्या मास्तराला आवडावी अशीच आहे. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत वर्षाला फक्त शंभर हिंदी माणसांना वसायला परवानगी होती. १९६५ च्या नव्या कायद्याने ते दार उघडलं आणि डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ जाऊ लागले. मराठी मंडळींनी बहुतेक ठिकाणी आधी मंडळं काढली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, सगळ्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. मंदिरासाठी मात्र एकट्या कुणाचं बळ पुरत नव्हतं, तिथे सगळ्या भाषांची माणसं एकत्र यावी लागली. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारे अळगप्पन नावाचे तमिळ गृहस्थ होते. त्यांच्या घरच्या बैठकीच्या खोलीत चार लोक जमू लागले. २६ जानेवारी १९७० ला, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनी, संस्थेची नोंदणी झाली. फ्लशिंगच्या बाउन रस्त्यावरचं रशियन ख्रिस्ती लोकांचं एक जुनं चर्च विकत घेतलं. तिरुपती देवस्थानाने मदत केली, मूर्ती आणि कोरीव दगड भारतातून गेले. आणि ४ जुलै १९७७ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गणपतीची प्रतिष्ठापना झाली. नोंदणी आपल्या राष्ट्रीय दिवशी आणि प्रतिष्ठापना त्यांच्या! त्याच वर्षी एम. एस. सुब्बुलक्ष्मी अमेरिकेत गायल्या, कार्नेगी हॉलमध्येही गायल्या. त्या दौऱ्यामागे मंदिरांसाठी निधी उभारण्याचा हेतू होता.

त्या रस्त्याचीही एक गोष्ट आहे. १६५७ साली, तिथे डचांची सत्ता असताना, क्वेकर पंथाच्या लोकांना आसरा देऊ नये असा हुकूम निघाला. फ्लशिंगच्या सुमारे तीस रहिवाशांनी सह्या करून सांगितलं की हे आम्हाला जमणार नाही. पुढे १६६२ मध्ये जॉन बाउन नावाच्या माणसाने क्वेकरांना स्वतःच्या घरात प्रार्थना करू दिली म्हणून त्याला पकडलं, हद्दपार केलं. त्याने हॉलंडला जाऊन दाद मागितली आणि जिंकून परत आला. त्याचं ते घर अजून उभं आहे. त्याच्याच नावाच्या रस्त्यावर तीनशे वर्षांनी गणपती आला. एप्रिल २०२२ मध्ये मंदिरापुढच्या भागाला 'गणेश टेंपल स्ट्रीट' असं जोडनावही मिळालं.

दर्शन झाल्यावर मुलगा आम्हाला तळघरातल्या उपाहारगृहात घेऊन गेला. डोसे, इडल्या, ताक. ही भली मोठी रांग. मागून कुणीतरी कन्नडमध्ये बोललं आणि आमच्या हिने वळून उत्तर दिलं, "ऊटा आयता?" ती अक्कलकोटची, कन्नड तिच्या जिभेवर बसलेलं. पुढच्या टेबलावर तेलुगू चाललं होतं, ते मला निम्मं कळत होतं. आमच्या सोलापुरात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं! विमानात चोवीस तास घालवून मी आमच्याच गल्लीत येऊन बसलो होतो.

तिथल्या मंदिराला इनाम जमीन नाही, सरकारी अनुदान नाही. वीज, बर्फ काढण्याचा खर्च, पुजाऱ्यांचे पगार, विमा, सगळं लोकांनी द्यायचं. अर्चनेची पावती, लग्नासाठी सभागृहाचं भाडं आणि हा तळघरातला डोसा, यावर गाडा चालतो. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टर उमा मैसूरकर या १९९४ पासून अनेक वर्षं त्याच्या अध्यक्ष. एका मोठ्या देवस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती, हे बघून आमची ही फार खूष झाली.

पुढच्या शनिवारी मुलाने स्वतःचं 'मंदिर' दाखवलं. मी कळस शोधत होतो. निघालं एक भाड्याचं सभागृह! शुक्रवारी रात्री देव पेटीतून काढायचे, रविवारी संध्याकाळी परत पेटीत. जागा घेण्यासाठी निधी जमवणं चाललं होतं. आत बारा-पंधरा बायका उकडीचे मोदक वळत बसल्या होत्या, डब्यात भरून विकायला. आमच्या हिने पाहिलं की कळ्या नीट पडत नाहीत. पदर खोचला आणि बसली. संध्याकाळपर्यंत गुजराती आणि तेलुगू मुलींना मोदकाच्या कळ्या पाडता येत होत्या. बाहेर पोरं मोटारी धूत होती, त्याचे पैसेही निधीला. एक पीएचडी झालेले गृहस्थ वाहनतळावर बॅटरी घेऊन गाड्या लावून देत होते.

भिंतीवर देणगीदारांची यादी होती. संगणकावर छापलेली, पण वहीच ती. ११ डॉलर, २१, ५१, १०१. शेवटचा तो जास्तीचा एक, तो काही अमेरिकन नव्हे! मुलाचं नाव शोधलं. त्याच्यापुढे महिना ४० डॉलर, पाच वर्षं, असं लिहिलं होतं. मी ज्याला 'मंदिराला दिलेला शब्द' म्हणत होतो तो हा होता. घराचे हप्ते, गाडीचे हप्ते, आणि त्यात हा एक. मी काही बोललो नाही. चार आणे, आठ आणे अशा शब्दांची वडिलांची वही माझ्याच ट्रंकेत होती, आणि मी पोराला डॉलरचा टोमणा मारला होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वही आली की भांडणही येतं. ज्याने वर्गणी दिली त्याला बोलायचा हक्क किती? फ्लशिंगच्या मंदिरातही हा प्रश्न कोर्टात गेला. विश्वस्तांनीच विश्वस्त नेमायचे की सदस्यांनी मतदानाने निवडायचे, यावर बरीच वर्षं खटला चालला आणि २००३-०४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सदस्यांची निवडणूक घ्यायला लावली. आपल्या पंढरपुरात तरी काय वेगळं? देऊळ कुणाचं हा प्रश्न तिथेही सुटायला पिढ्या लागल्या. दलितांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क काढणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची शेवटची मोहोर उठली २०१४ मध्ये. तेव्हा परदेशातली मंडळी देवळावरून भांडतात म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ज्याला आपलं मानतो त्यावरूनच माणूस भांडतो.

मुलाने शब्द पाळला. पुढच्या वर्षी वाचनालयाला पैसे पाठवले. तरी पुस्तकं आधी की देऊळ आधी, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी अजूनही पुस्तकांच्या बाजूचा आहे.

पण २०२० साली एक गोष्ट घडली. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मे महिन्यात आमची ही गेली. हृदयविकाराचा झटका, तासाभरात सगळं संपलं. मुलाला येणं शक्यच नव्हतं. आईचं शेवटचं दर्शन त्याने फोनवर घेतलं. इथे टाळेबंदी, मोजकी पाच-सात माणसं, शेजारी यायलाही घाबरत होते. माझं काय झालं ते सोडा. माझ्या डोळ्यांपुढे सारखा पोरगा होता. परक्या मुलखात, आई गेलेली, बाहेर पडायची सोय नाही. त्याला कडू घास कोण देणार?

महिन्याभराने सूनबाईंनी फोनवर सांगितलं. दहा दिवस रोज दुपारी त्यांच्या दाराबाहेर कुणीतरी डबा ठेवून जात होतं. घंटी वाजवायची आणि लांब उभं राहून हात जोडायचे. एक दिवस पिठलं-भाकरी, एक दिवस सांबार-भात, एक दिवस खिचडी-कढी. तेव्हा मंदिराला स्वतःची जागा मिळाली होती, पण साथीमुळे दार बंद होतं. यादी मात्र होती. त्या यादीवरून त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. एका डब्यावर चिठ्ठी होती, 'काकूंनी मला मोदक शिकवले होते.'

ते ऐकलं आणि १९५६ च्या वहीतली 'घरी मयत, मदत रु. ७' ही ओळ मला पहिल्यांदा नीट वाचता आली.

असो. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मी बागेत गेलो. बाकावरच्या मंडळींना सगळं सांगितलं. महिना ४० डॉलरचं, मोदकांचं, डब्यांचं. सगळे शांत झाले. मग कालचेच गृहस्थ म्हणाले, "ते सगळं खरं गुरुजी. पण त्या मंदिराला तुम्ही किती दिलेत?"

मला उत्तर देता येईना. खरंच काहीच दिलं नव्हतं. रात्री मुलाला फोन लावला आणि म्हटलं, माझे एकवीस डॉलर लिही, पैसे तुला पाठवतो. तो म्हणाला, "बाबा, नाव कुणाचं लिहू? आईचं?"

म्हटलं, "आईचं तिथे आहेच. माझं लिही."

तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत अशी एखादी वर्गणीची वही असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि तिचं शेवटचं पान जरूर वाचा.